लावणीचा ताप

वैद्यकशास्त्राने अजून ज्याची नोंद घेतलेली नाही, असा एक ताप दर आषाढात येतो. तो शिरवळ, खेड-शिवापूर, पिरंगुट, भोसरी अशा कारखान्यांच्या गावी येतो, आणि तिथेही फक्त भोर-वेल्ह्याच्या पोरांनाच येतो. शेजारच्या मशीनवरच्या बीडच्या किंवा बिहारच्या माणसाला तो लागत नाही. सकाळी सातला सुपरवायझरला फोन जातो. अंग मोडून आलंय, कणकण आहे, डोकं उचलत नाही. फोनच्या मागे धो धो पाऊस, पॉवर टिलरची घरघर, आणि मधूनच कुणीतरी ओरडतं, "आरं, बांध फुटला तिकडं!" सुपरवायझर विचारतो, "दवाखान्यात आहेस ना?" "व्हय साहेब, रांगेत उभाय." हे काही खोटं नसतं. तो रांगेतच उभा असतो. पुढेमागे बायका, घोट्याच्या वर चिखल, हातात रोपांच्या मुठी.

या तापाचं एक ठळक केंद्र म्हणजे पासली. सातारा रस्त्यावर नसरापूरच्या चेलाडी फाट्याला आत वळायचं, मार्गासनी, विंझर करत वेल्हे गाठायचं, आणि तोरण्याला बगल देऊन केळदच्या वाटेला लागायचं, की पासली. तालुक्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड झालं आहे, पण स्वारगेटला चौकशी करताना तोंडात वेल्हेच येतं. पुढे केळद, त्याच्या पुढे मढे घाट, आणि तिथून खाली थेट कोकण. समुद्रावरून आलेला ढग पहिल्यांदा टेकतो तो या घाटमाथ्यावर, त्यामुळे पाऊस इथे पडत नाही, मुक्कामाला येतो. गावातले कर्ते पुण्याला नाहीतर मुंबईला. मागे उरतात म्हातारीकोतारी, बायका आणि भाताची खाचरं. वर्षभर हे गणित चालतं. आषाढात मात्र आठ-दहा दिवस असे येतात, की घरचा प्रत्येक हात चिखलात लागतो. मग पुण्यातली पोरं आजारी पडतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा ताप त्यांना कायद्याने आणला आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात रजेचं कलम होतं, ७९ नंबरचं. वर्षात २४० दिवस भरले, की दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. ऐकायला झकास. पण ही रजा हवी, तर अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्यायचा, आणि तोही वर्षातून तीनदाच. आता पासलीच्या माणसाने काय करावं? मृगात टाकलेलं रोप वीस-पंचवीस दिवसांत लावणीला येतं. खाचरात पाणी तुंबल्याशिवाय चिखलणी नाही, चिखलणीशिवाय लावणी नाही, आणि उशीर झाला की रोप जून होऊन हसं करतं. पाणी कधी तुंबणार, हे ज्याच्या हातात आहे तो वर बसलेला आहे आणि पंधरा दिवसांची नोटीस देण्याची त्याची पद्धत नाही. हवामान खातं पुण्यातच शिवाजीनगरला आहे. पासलीत पाणी नेमकं कुठल्या तारखेला तुंबेल हे पंधरा दिवस आधी लिहून द्या, असं त्यांना म्हटलं तर तेही दुसऱ्या दिवशी आजारी पडतील.

पण कायदा लिहिणाऱ्याने त्याच कलमात एक खिडकी उघडी ठेवली होती. आजारपणासाठी शिल्लक रजा हवी असेल, तर पंधरा दिवसांची अट नव्हती. अर्ज आयत्या वेळी आला तरी रजा द्यायची. झालं! म्हणजे लावणी म्हटलं तर पंधरा दिवस आधी, ताप म्हटलं तर आत्ता. माणसाला खोटं बोलायला कायद्याइतक्या प्रेमाने दुसरं कुणी शिकवत नाही. आता त्याच्या जागी नव्या श्रमसंहिता आल्या आहेत, त्यांत २४० दिवसांचे १८० झाले, चांगलंच झालं. पण ताप ही मुरलेली रीत आहे, ती संहितेने उतरायची नाही.

कारखान्याऐवजी दुकान-कचेरीत नोकरी असेल, तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. हा जरा मोकळ्या मनाचा. वर्षाला ८ नैमित्तिक रजा, त्याही तिमाहीला दोन-दोन अशा खात्यावर पडणाऱ्या. शिवाय २० दिवसांना एक हे आहेच, आणि ती साठवता येते ४५ दिवसांपर्यंत. हे सगळं २०२५ पर्यंत दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या जागी होतं. त्यामुळे आपल्याकडे नऊ माणसांची दुकानं अमाप झाली. दहावा जो काउंटरवर दिसतो, तो मालकाचा भाचा. अकरावा भाच्याचा मित्र, सहज आलेला. तो गेली चार वर्षं सहज येतो आहे.

आठ या आकड्यावर मात्र माझा राग आहे. आपल्याकडे सुतक दहा दिवसांचं. माणूस गेल्यावर रजा द्यावी, असं आपल्या कुठल्याच कामगार कायद्यात लिहिलेलं नाही. तेव्हा हे दिवस या आठांतूनच काढायचे. सगळे आठ शिल्लक आहेत असं धरलं (नसतात, तीन लग्नसराईत गेलेले असतात), तरी दोन दिवस कमी पडतात. ते मयताने सोडून द्यावेत अशी अपेक्षा असावी.

त्यात भावकीचा प्रश्न. कंपन्यांनी आता रजेचं पोर्टल आणलं आहे. त्यात 'नातं निवडा' अशी जागा असते. टिचकी मारली की आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी. संपलं. एकदा मी एका मनुष्यबळ विभागातल्या मुलीशी बोलत होतो. ती हताश होऊन म्हणाली, "सर, त्या मुलाच्या दोन वर्षांत चार आज्या गेल्या. मी काय समजायचं?" मी तिला म्हटलं, बाई, तू पासलीला चल. तिथे त्याच्या आजोबांना तीन भाऊ. त्या चौघांच्या बायका, चारही आज्याच. त्यांतली कुणीही गेली तरी सुतक त्यालाच, दहाव्याला मुंडण त्याचंच, आणि तो नाही दिसला तर तेराव्याला नाव निघणार ते त्याचंच. पोर खरं बोलत होतं. उलट आपण सगळे जे शाळेत 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असा अर्ज पाठ करून मोठे झालो, त्यांना असा कुणी खरं बोलणारा भेटला की ओळखता येत नाही.

पासलीची स्वतःची एक रजा-वही आहे. तिला सावड म्हणतात. आज आम्ही तुझ्या खाचरात, उद्या तू आमच्या. पैसे नाहीत, दिवसाला दिवस. या वहीला कागद नाही. ती गावातल्या एखाद्या आत्याच्या डोक्यात असते आणि तिचं पोर्टल कधी बंद पडत नाही. अशाच एका आत्यांनी माझ्यादेखत हिशोब केला. समोर पुण्याहून आलेला पुतण्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पांढरेफटक. आत्या रोपाची मूठ सोडवत, मान वर न करता म्हणाल्या, "तुज्या आईनं माज्या धाकट्याच्या बाळंतपणाला दोन दिस जादाचे घातल्यात. त्ये अजून माज्याकडं हायेत." धाकटा समोरच टिलर चालवत होता. त्याचीच पोरगी आता दहावीला. कायद्यात रजा साठवायची हद्द ४५ दिवस. आत्यांच्या वहीत एक दिवसही बुडत नाही, पिढी बदलली तरी पुढे ओढला जातो.

या वहीचे नियम बघा. ज्या घरात बाळंतीण आहे, त्या घरची लावणी आधी उरकायची आणि दिवस मोजायचे नाहीत. ज्या घरी माणूस गेलंय, तिथे न सांगता जायचं. म्हातारा-म्हातारीच असतील, तर त्यांनी बांधावर बसून चहा पाजला तरी त्यांचा दिवस भरला. पुण्याच्या मोठ्या कंपन्या कुटुंबस्नेही धोरण ठरवायला बाहेरून सल्लागार आणतात, त्यांच्या रंगीत पानांत याहून वेगळं काही असतं असं मला वाटत नाही. फक्त सल्लागाराला चहा पाजून भागत नाही.

पण उगाच गहिवरायचंही कारण नाही. सावडीत पगार नाही, फंड नाही, आणि न जाण्याची सोय तर बिलकूल नाही. कंपनीला ताप सांगितला तर कंपनी फार तर डॉक्टरची चिठ्ठी मागते. इथे ताप सांगितला की आत्या घरी येतात आणि कपाळाला हात लावून बघतात.

बाळंतपणाच्या बाबतीत मात्र संसदेने उशिरा का होईना आजीबाईंचं ऐकलं, असं म्हणायला जागा आहे. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते, तिथे बाळंत होते, सव्वा महिना खोलीबाहेर पडत नाही, आणि मग तिसऱ्या नाहीतर पाचव्या महिन्यात बाळ-बाळंतविडा घेऊन सासरी येते. हा हिशोब सहा महिन्यांच्या आसपास किंवा त्याच्या थोडा वरच जातो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने दिले होते १२ आठवडे. ते २०१७ मध्ये २६ झाले, पहिल्या दोन अपत्यांसाठी. त्यातले आठ आधी घेता येतात. म्हणजे आजीबाईंचा आकडा गाठायला दिल्लीला ५६ वर्षं लागली. डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी अजून कायद्यात यायची आहे.

मुळात ही मागणी मुंबईत फार आधी उठली होती. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. पुढच्या वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला अशा तऱ्हेचा पहिला. आपण त्या भाषणातला विसावा घेतला आणि सरकारी भाराचं वाक्य सोडून दिलं. ईएसआयच्या कक्षेबाहेरची नोकरी असेल, तर सव्वीस आठवड्यांचा पगार मालकाच्या खिशातून. मग मालक काय करतो? मुलाखत संपते, फाइल मिटते, चहा येतो, आणि साहेब अगदी घरच्यासारखे विचारतात, "बाकी, लग्नाबिग्नाचं काय ठरतंय?" हा प्रश्न ज्या आपुलकीने विचारला जातो, तेवढ्या आपुलकीने तो मुलीच्या मावशीनेही कधी विचारलेला नसतो. मुलाला हा प्रश्न नाही. त्याला विचारतात, दुचाकी आहे का.

पाळणाघराचंही तसंच. पन्नास माणसं झाली की कंपनीने पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, असं कायदा म्हणतो. त्यामुळे नऊवर थांबणाऱ्या दुकानांना एकोणपन्नासवर थांबणारी मोठी भावंडं मिळाली. या बाबतीत मला रोजगार हमीचा नियम आवडतो. कामावर आलेल्या बायकांसोबत पाच किंवा जास्त लहान पोरं असली, की त्या बायकांपैकीच एकीला पोरं सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी इतरांसारखीच द्यायची. फळा नाही, भिंतीवर ससा-कासव नाही. झाडाची फांदी, लुगड्याची झोळी, आणि हजेरीपटावर नाव असलेली एक बाई. पोरं सांभाळणं हे काम आहे, असं आपल्या कायद्यात इतक्या स्वच्छ शब्दांत दुसरीकडे कुठे लिहिलेलं मला आठवत नाही.

पासलीच्या खाचरातली बाई मात्र यातल्या कशातच बसत नाही. ती कारखान्यात नाही, दुकानात नाही, हजेरीपटावर नाही. ती घरचीच. म्हणून तिला सव्वीस आठवडे सोडा, सव्वीस मिनिटं द्यायलाही कुणी बांधलेलं नाही. बांधावर इरल्याखाली टोपलीत तान्हं ठेवून वाकलेली बाई इथे आत्ताआत्तापर्यंत दिसायची. तिच्या रजेचा अर्ज सासूबाईंकडे, आणि सासूबाईंचा ठरलेला शेरा: "आमी नाय का क्येलं?" हा शेरा मी पुण्यातल्या वातानुकूलित कचेऱ्यांतही ऐकला आहे, फक्त तिथे तो इंग्रजीत असतो आणि म्हणणारीच्या टेबलावर महिला दिनाचं रोपटं असतं.

बापाचं तर विचारूच नका. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत त्याला रजा द्या असं सांगणारा कायदा नाही. दिली तर कंपनीची मेहेरबानी. भोसरीला रात्रपाळीत असलेल्या पोराला मुलगी झाल्याचं कळतं, तो स्वारगेट गाठतो, वेल्ह्याची गाडी धरतो, दवाखान्यात पोचून मुलीला बघतो. मुलगी त्याला बघायला डोळे उघडते तोवर परतीची गाडी लागलेली असते. १९७६ मध्ये रोहन जन्मला, तेव्हा सुनील गावसकर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते, आणि तेव्हा कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये विराट कोहली मात्र अॅडलेडची कसोटी संपवून पहिल्या बाळंतपणासाठी घरी परतला. ३६ धावांत संघ गुंडाळला गेलेला, आणि कर्णधार रजेवर! काय काय बोललं गेलं तेव्हा. मग अजिंक्य रहाणेने मेलबर्नला शतक ठोकलं, सामना जिंकला, आणि आपण मालिका २-१ ने खिशात घातली. पितृत्व रजेने एका मराठी माणसाचं एवढं भलं झालेलं असताना महाराष्ट्रात तिचा कायदा का होत नाही, हे मला कळत नाही.

खरं तर रजा मागण्याची कला पुणे जिल्ह्याचीच. गिरण्यांतल्या लोकांना आठवड्याची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे मूळचे खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. १८८४ पासून त्यांनी अर्ज, सभा, पुन्हा अर्ज असं लावून धरलं, आणि १० जून १८९० ला रविवार पदरात पडला. रविवारच का? तर तो खंडोबाचा वार, असं ते मांडत, असं सांगतात. गोऱ्या साहेबाला चर्चला जायला आणि आपल्या माणसाला तळी भरायला एकच दिवस! मुंबईचे डबेवालेही इकडचेच, मावळ-मुळशी-खेड-जुन्नरचे. दर उन्हाळ्यात गावच्या जत्रांसाठी ते पाच-सहा दिवस सगळे एकदम गावी जातात. कुणाची मंजुरी घेत नाहीत, ताप येत नाही, आजी जात नाही. 'अमुक तारखेपासून डबा बंद' एवढं सांगतात, आणि लाखोंची मुंबई मुकाट्याने वडापाव खाते. सगळे मिळून गेले की ती सुट्टी, एकटा गेला की ती दांडी. हे ज्याला कळलं त्याला अर्ध्या कामगार चळवळीचा इतिहास वाचायची गरज नाही.

पासलीच्या पोरांना मात्र हा मार्ग नाही, कारण एका खात्यात ती असतात दोघं-तिघं. आणि त्यांच्या साहेबाकडे एक हमखास अस्त्र असतं. "तुम्ही त्या भागातले ना? मग तानाजी मालुसरे आठवा!" पोराच्या लग्नाची अक्षत द्यायला आलेला बाप, लग्न बाजूला ठेवतो आणि कोंढाण्यावर जातो. ४ फेब्रुवारी १६७०. हे उदाहरण मी तिमाही विक्रीचा आकडा गाठण्यासाठी वापरलेलं ऐकलं आहे, सॉफ्टवेअरची आवृत्ती शुक्रवारी रात्री सोडण्यासाठी ऐकलं आहे, आणि एकदा दिवाळी सेलच्या तयारीसाठीही. दाखला देणारे साहेब सिंहगडावर जातात ते पिठलं-भाकरी खायला. त्यांना दोन गोष्टी सांगाव्या वाटतात. एक, तानाजींची रजा कुणी नामंजूर केली नव्हती. ती त्यांची त्यांनी सोडली. दोन, पुढे रायबाचं लग्न महाराजांनी स्वतः लावून दिलं, असं परंपरा सांगते. साहेब लोक दाखला देताना नेमका हा उत्तरार्ध गाळतात. तानाजींचा देह उमरठ्याला नेला तो याच पासली-केळदच्या अंगाने, मढे घाटातून, असं इथली माणसं सांगतात. ज्या वाटेवर ही गोष्ट अजून जिवंत आहे, तिथल्या पोरांना ती विक्रीच्या तक्त्यासोबत ऐकायला लागते.

या वाटेवर हल्ली जुलैत दुसरीच वर्दळ असते. मढे घाटाचा धबधबा बघायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. पासलीत चहाला थांबलो असताना मला एक किस्सा ऐकायला मिळाला. सांगणाऱ्याने तो स्वतःच्या मित्राचा म्हणून सांगितला, पण सांगताना त्याचेच कान लाल होत होते. मित्र शिरवळकडच्या कुठल्याशा कंपनीत. आषाढ लागला, मित्राला ताप आला. तिसऱ्या दिवशी तो खाचरात वाकलेला असताना रस्त्यावर एक बस थांबली. बसला पुढे फलक, 'मान्सून फेस्टिव्हल', आणि खाली कंपनीचं नाव. त्याच्याच कंपनीचं. बसमधून उतरले कचेरीतले लोक, रंगीत रेनकोट घालून, आणि सगळ्यांच्या पुढे त्याचे साहेब.

कामाचा दिवस. भरपगारी. टीम बिल्डिंग.

मित्राने डोक्यावरची प्लॅस्टिकची खोळ नाकापर्यंत ओढली आणि मान आणखी खाली घातली. लावणीत माणूस मागे मागे सरकतो, ही एक देवाची कृपा. तो सरकत सरकत पार पलीकडच्या बांधाला गेला. पण साहेबांना हौस. बूट काढून, पँट वर करून ते चिखलात उतरले. "आजी, आम्हाला पण शिकवा ना!" आजींनी त्यांच्या हातात मूठ दिली. साहेबांनी रोप रोवलं, ते आडवं झालं. पुन्हा रोवलं, पुन्हा आडवं. आजी म्हणाल्या, "आंगठ्यानं दाब रं. कंपनीत बटन दाबतुयास तसं." टाळ्या पडल्या. कुणीतरी ड्रोन उडवला. निघताना साहेबांनी आजींना विचारलं, तुमची मुलं काय करतात? आजींनी पलीकडच्या बांधाकडे बोट केलं आणि कौतुकाने सांगितलं, "थोरला हायेच की तुमच्या शिरवळला. पर सध्या आजारी हाय बिचारा."

साहेबांनी वाकलेल्या आकृतीकडे बराच वेळ बघितलं म्हणतात. मग हात हलवून बसमध्ये चढले. सोमवारी मित्र कामावर गेला. साहेब एवढंच म्हणाले, "बरा झालास? पाय पाण्यात फार वेळ ठेवू नकोस." रजा विनापगारी लागली. ड्रोनचा फोटो मात्र कंपनीच्या कॅलेंडरवर आला, जुलै महिन्याच्या पानावर. हिरवीगार खाचरं, रंगीत रेनकोट, आणि कोपऱ्यात एक निळी खोळ. तेच खाचर, तोच चिखल, तेच रोप. ज्याचं रोप नीट उभं राहिलं त्याचा पगार कापला गेला, आणि ज्याचं आडवं झालं त्याला प्रवासभत्ता मिळाला.

आता कामाचं सांगतो. २०१७ च्या त्या दुकाने-आस्थापना कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. वर्षाला सणाच्या ८ भरपगारी सुट्ट्या. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या, त्या त्या भागातले सण बघून. मिळून ठरवायच्या, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात डिसेंबरात नोटीस बोर्डावर एक यादी लागते आणि आपण तिच्यात शनिवार-रविवारला जोडून काय येतंय तेवढं बघतो. तर पासलीच्या, वेल्ह्याच्या, भोरच्या आणि जिथे जिथे भात लावतात तिथल्या नोकरदारांनो, यंदा नोव्हेंबरातच चार-सहा जणांनी सह्या करून एक अर्ज द्या. मराठीत दिला तरी चालतो. मेंगाईची जत्रा मागा, मांढरदेवची काळूबाई मागा, आणि एक दिवस भात लावणीचा मागा. कारणाच्या जागी 'भात लावणी' असंच लिहा, प्रकृती अस्वास्थ्य लिहू नका. तारखेच्या जागी 'पाणी तुंबेल तेव्हा' लिहा. आणि लावणी हा सण कसा काय, असं मनुष्यबळ विभागाने विचारलंच, तर अर्जाला कंपनीच्याच 'मान्सून फेस्टिव्हल'च्या फलकाचा फोटो जोडा.